दसूकीनं भरलेलं एक पूर्ण गाणं

परवा एक पोरगी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फोन ओठांशी धरून बोलत होती. भाऊ दुबईला आहे, त्याला निरोप पाठवत होती. बोलली, बोट उचललं, निरोप गेला. मी विचारलं, त्याचं उत्तर आलं की तुझं बोलणं पुसलं जातं का? ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी कुणाच्या तरी सदऱ्यावर तापलेली इस्त्री विसरलोय. म्हणाली, "आजोबा, मुद्दाम पुसल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही आता."

बरं आहे बुवा, म्हटलं मी, आणि कामाला लागलो. पण दिवसभर माझा जुना शेजारी दसूकी डोक्यातून जाईना.

मी मुतवल्ली इस्त्रीवाला. झिफ्ता गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. एके काळी पायानं दाबायची ती जड इस्त्री मी चालवायचो, आता गुडघे गेले आणि विजेची आली. माझ्या शेजारी, जिथे आज फोनची रंगीत कव्हरं लटकतात, तिथे तीस वर्षं दसूकीचं कॅसेटचं दुकान होतं. दोन दुकानांमधली भिंत छातीपर्यंतच होती. तेव्हा त्याच्या दुकानात काय चाललं हे मला ठाऊक असायचं, त्यात माझा भोचकपणा काही नाही. कान उघडे होते, एवढंच.

दसूकी हा माणूस उंच, किडकिडीत आणि भयंकर मानी. गाणं म्हणजे जुनं गाणं, असं त्याचं मत. तासभर चालणारं, ज्यात गाणारी तोंड उघडण्याआधी पंधरा मिनिटं नुसती व्हायोलिनं वाजतात, ते. त्याचे वडील चहाच्या दुकानात रेडिओ सांभाळायचे. मैफल चालू असताना कुणी चमचा वाजवला तर ते त्याला बाहेर काढत. मुलगा त्यांच्यावरच गेला. एखाद्यानं नव्या पोरासोरांची टाळ्याबिळ्यांची गाणी मागितली की दसूकी कॅसेट द्यायचा, पण अशी चिमटीत धरून, जणू मेलेला उंदीर आहे. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचा, "चार मिनिटांत गाणं होतं म्हणे. मुतवल्ली, चार मिनिटांत चहा तरी होतो का रे?"

"तुझा होत नाही," मी म्हणायचो. "तुझ्या चहालाही व्हायोलिनं लागतात."

पण त्याचं दुकान चाललं ते गाण्यांवर नव्हे, पत्रांवर. त्या काळी गल्लीगल्लीतला एक तरी माणूस कुवेतला, इराकला, सौदीला गेलेला. आयांना लिहिता येत नव्हतं, बापांना वाचता येत नव्हतं. लिहून घ्यायचं तर मास्तरकडे जावं लागे, आणि मास्तर सगळ्यांची पत्रं सारख्याच गोड भाषेत लिही. मुलाला कळायचंच नाही की आई रागावलीय. मग कॅसेट आल्या. पोरं तिकडून बोलून पाठवायची, येणाऱ्याजाणाऱ्या माणसाबरोबर. इकडे आया दसूकीकडे यायच्या, पडद्यामागच्या खुर्चीवर बसून ऐकायच्या, आणि तिथेच उत्तर भरायच्या.

उत्तर भरायचं ते त्याच कॅसेटवर. आमच्याकडे शेजारणीनं ताट भरून काही पाठवलं तर तेच ताट परत जातं, आणि रिकामं जात नाही. कॅसेटचंही तसंच झालं, कुणी ठरवलं नव्हतं. मुलाची कॅसेट, मुलाला परत. आईचा आवाज वर चढला की खालचा मुलाचा आवाज गेला, याचं कुणाला काही वाटत नसे. त्याचं ऐकून झालं, आता आपलं सांगायचं. आणि बोलून झाल्यावर जी टेप उरेल ती दसूकी गाण्यानं भरायचा, अगदी शेवटच्या वेटोळ्यापर्यंत. कॅसेट कोरी ठेवून पाठवणं त्याला ताट रिकामं पाठवल्यासारखं वाटायचं. मात्र गाणं त्याच्या पसंतीचं असे, म्हणजे लांबलचक, म्हणजे हमखास मध्येच तुटणारं.

त्या आयांमधली एक उम्म वहीद, म्हणजे वहीदची आई. तिचं स्वतःचं नाव माझ्या बायकोला माहीत असेल, मला नव्हतं. थोरल्या मुलाच्या नावानंच बाईला हाक मारायची, ही आमची रीत. आणि तिला तर थोरलाही तोच, धाकटाही तोच. नवरा लवकर गेला होता. एक म्हैस, कालव्याकडे एक खोली आणि कुवेतला फरशा बसवणारा वहीद, एवढा तिचा संसार.

उम्म वहीदला ऐकण्याचा धीर नव्हता. वहीद यंत्रातून बोलायला लागला की ही इकडून उत्तरं द्यायला लागायची. तो म्हणे, आई, इथे ऊन फार आहे, की ही म्हणे, मग डोक्याला फडकं बांध ना रे गाढवा. दसूकी वैतागायचा. "उम्म वहीद, त्याला ऐकू जात नाही. त्याचं होऊ दे, मग तुझं भरू." ती म्हणायची, "तू तुझ्या बटणांकडे बघ." टेप शेवटाला येईपर्यंत तिचं यंत्राशी चांगलं भांडण जुंपलेलं असायचं. वहीद शेवटी काय म्हणाला ते तिनं कधी नीट ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

नव्वद सालच्या जुलैत वहीदची कॅसेट आली. ती मी भिंतीवर कोपरं टेकून ऐकली, म्हणून पाठ आहे. वहीद म्हणत होता, "आई, मुलुखिया केली होती. सगळं तू सांगितलंस तसंच घातलं. खोलीतला शाकिर म्हणतो, म्हशीच्या चाऱ्यासारखी लागते. आता फोडणी ओतताना श्वास घेणारी बाई इथे मी कुठून आणू? तू घे श्वास टेपमध्ये. मी फोडणीच्या वेळी लावीन." मुलुखियाच्या पाल्याच्या रश्शात लसणाची फोडणी ओतताना बाईनं दचकल्यासारखा मोठ्यानं श्वास आत ओढायचा असतो. नाही ओढला तर चव येत नाही. का, ते मला विचारू नका, पण येत नाही.

मग तो म्हणाला, "आणि दसूकीचाचा, तू ऐकतोयस हे मला माहीत आहे. तुझी गाणी फार थोर, कबूल. पण ती व्हायोलिनं वाजतात, वाजतात, बाई घसा साफ करते, आणि टेप संपते. तीन वर्षं झाली, बाईचं म्हणणं काय आहे ते मला अजून कळलं नाही. एकदा नवं गाणं दे. छोटं चालेल, पण पूर्ण दे."

मी इतका हसलो की भिंतीवर ठेवलेली खळीची पावडर खाली पडली. दसूकीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. उम्म वहीद तिकडे यंत्राला विचारत होती, "आणि दात? दाताचं काय केलंस? रमजानपासून ठणकतोय ना तो?" यंत्र आपलं बोलत होतं, ती आपली बोलत होती, मी आपला हसत होतो. मग कट्ट करून टेप संपली.

उत्तर भरायला ती बसली तेव्हा आधी श्वासाचा प्रश्न आला. दोन परक्या पुरुषांसमोर असला आवाज काढायची तिला लाज वाटणार नाही का? तिनं आम्हा दोघांना आपापल्या पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी माझ्या दुकानात, दसूकी त्याच्या दुकानात, दोघं पाठमोरे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मग मागून तो श्वास आला. इतका मोठा की रस्त्यावरचा गाढवगाडीवाला थांबला आणि कुणी पडलं का म्हणून विचारायला लागला.

त्यानंतर ती बोलत सुटली. म्हैस व्याली, पारडी झाली. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं, तुझ्या डोळ्यांदेखत पोरी चालल्या. छत गळतं ते तू येशील तेव्हाच बघू. पहिली बाजू संपली, दसूकीनं कॅसेट उलटली, दुसरीही संपत आली. शेवटी ती म्हणाली, "एवढं सगळं बोललास, पण दाताचं सांगितलं नाहीस. मला ठाऊक आहे, तू घाबरतोस. दात काढ. ऐकलंस? मला सांगितल्याशिवाय मी दुसरं काही बोलणार नाही." आणि ती उठली, ओढणी सावरली, निघून गेली.

टेप उरली होती पाचेक मिनिटं. दसूकीनं नव्या गाण्यांच्या ढिगातून एक कॅसेट काढली, चिमटीतच धरून, आणि ते चार मिनिटांचं गाणं मुकाट भरलं, पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत. मला वाटलं, आता उरलेल्या जागेत तो सवयीनं काहीतरी कोंबणार. त्यानं बटण दाबून यंत्र बंद केलं.

"अर्धं मिनिट उरलंय की," मी म्हटलं.

"राहू दे कोरं," दसूकी म्हणाला. "त्याला पूर्ण पाहिजे होतं ना? दिलं पूर्ण. त्याच्यानंतर माझं गाणं लावून मी माझ्या गाण्याचा अपमान करणार नाही."

इतक्या वर्षांत त्यानं कोरी सोडलेली ती पहिली टेप. रागानं सोडली, मुद्दाम सोडली.

ती कॅसेट आमच्या गावचा एक माणूस ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी घेऊन जाणार होता. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी रेडिओनं सांगितलं की कुवेतमध्ये इराकच्या फौजा घुसल्या. विमानं थांबली, टपाल थांबलं. कॅसेट दसूकीच्या खणातच राहिली. मग दोन महिने आम्ही सगळे टीव्हीला चिकटून बसलो. जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूत, पाण्यासाठी रांगेत उभी असलेली आमची माणसं दाखवत, आणि प्रत्येक घरातली बाई पडद्याला नाक लावून चेहरे शोधायची. उम्म वहीद माझ्याच दुकानात येऊन बसायची, कारण माझ्याकडे टीव्ही होता. तिला चारदा वहीद दिसला. चारही वेळा तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता.

सप्टेंबरच्या अखेरीला शाकिर परत आला, एकटा. वाळवंटातल्या रस्त्यावर त्यांचा ट्रक उलटला होता. वहीदला तिथेच पुरलं. शाकिरनं त्याचं घड्याळ आणलं होतं. ते चालू होतं.

दुखवट्याचे चाळीस दिवस झाल्यावर उम्म वहीद दसूकीच्या दुकानात आली. काळे कपडे, हातात काही नाही. पडद्यामागच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दसूकी, वहीदचा आवाज लाव."

दसूकीनं उगाच दोन-तीन कॅसेट उचलून खाली ठेवल्या. मग म्हणाला, "शोधावं लागेल. पसारा फार आहे. गुरुवारी ये."

ती गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि भिंतीवर डोकं टेकून उभा राहिला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "मुतवल्ली, मी पुसला रे. तीन वर्षं, महिन्या-दीड महिन्याला एक, दर वेळी मी माझ्या हातानं पुसला. वर गाणी भरली."

मी म्हटलं, "तू एकट्यानं काय पुसलं? सगळं गावच पुसत होतं." पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. खरं सांगायचं तर मलाही माझ्या बोलण्यात अर्थ वाटला नाही.

पुढचे दोन आठवडे दसूकी घरोघर फिरला. वहीदबरोबर एका खोलीत राहणारी सहा पोरं आमच्याच गावची. कुणाच्या तरी कॅसेटवर मागून वहीद हसला असेल, सलाम म्हटला असेल, खोकला असेल. जो माणूस लग्नाच्या घरीसुद्धा उशिरा जाऊन लवकर उठायचा, तो लोकांच्या ओसऱ्यांवर बसून विचारत होता, तुमच्याकडे जुनी कॅसेट आहे का, ज्यावर उत्तर भरलं नाही अशी? कुणाकडे नव्हती. विमानं थांबल्यानं घरी राहिलेल्या कॅसेटवर सगळीकडे आयांचे आवाज आणि त्यांच्यामागे दसूकीचीच अर्धी तुटलेली गाणी.

उम्म वहीद दर गुरुवारी यायची. दर गुरुवारी दसूकी काहीतरी थाप मारायचा. एकदा म्हणाला यंत्र बिघडलंय, एकदा म्हणाला कपाटाची किल्ली हरवली. तिसऱ्या गुरुवारी ती उठायला लागली तेव्हा त्यानं तिला बसवलं आणि सांगून टाकलं. मी इस्त्री बाजूला ठेवली.

"आवाज नाही, उम्म वहीद. मी पुसला. तुझं उत्तर भरताना पुसला. माझ्या खणात त्याची शेवटची कॅसेट आहे, पण तिच्यावर तू आहेस."

तिनं यंत्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं, दसूकीलाही तेच हवं होतं. ती म्हणाली, "मग माझं लाव. मी त्याला काय बोलले ते तरी ऐकू दे. रागावून बोलले होते ना?"

दसूकीनं कॅसेट लावली. पहिल्यांदा आला तो श्वास. यंत्रातून तो इतका विचित्र वाटला की मला हसू फुटलं आणि मी शरमलो. पण उम्म वहीदही हसली, तोंडावर हात ठेवून. मग म्हैस, पारडी, मामाची मुलगी, छत. आपलंच बोलणं ती मान हलवत ऐकत होती, मध्ये एकदा म्हणाली, "किती बोलते ही बाई." दसूकीनं कॅसेट उलटली. दाताचं आलं. दात काढ, ऐकलंस? मला सांगितल्याशिवाय मी दुसरं काही बोलणार नाही. ते ऐकताना तिनं डोळे मिटले.

मग ते टाळ्यांचं गाणं सुरू झालं. त्या दुकानात, त्या वेळी, ते फारच वाईट वाटलं. दसूकीनं घाईनं बटणाकडे हात नेला.

"असू दे," उम्म वहीद म्हणाली. "त्यानं मागितलं होतं. पूर्ण वाजू दे."

आम्ही तिघांनी ते पूर्ण ऐकलं. शेवटची टाळी वाजली. यंत्रात खट्ट झालं, थोडी खरखर झाली, आणि वहीद बोलला.

"...काढून टाकला, आई. परवाच. दुखला नाही फार, थोडासाच दुखला. आता तरी भांडू नकोस. टेप संपतेय माझी. आता तू बोल, मी ऐकतोय."

कट्ट.

मग उम्म वहीद माझ्याकडे वळून म्हणाली, "काढला म्हणतो." जणू एवढंच कळायचं राहिलं होतं. आणि मग ती रडली, तोवर गावातल्या कुणालाही रडताना दिसली नव्हती ती बाई. दसूकी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडला. त्यात नवल नाही, तो सगळंच लांबवायचा. माझं म्हणाल तर मी पाण्याचा तांब्या घ्यायला म्हणून आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

बाहेर आलो तेव्हा दसूकी स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडत होता. ते मोडले की त्या कॅसेटवर परत काही भरता येत नाही, यंत्र बटणच दाबू देत नाही. मोडलेले तुकडे त्यानं उचलून स्वतःच्या खिशात टाकले.

त्यानंतर तो पत्रांच्या कॅसेट भरतच राहिला, पण कुणाचीही टेप शेवटपर्यंत भरली नाही. शेवटचं अर्धं मिनिट तो सोडून द्यायचा. लोक तक्रार करायचे, "दसूकी, शेवटी पोराला त्याचंच जुनं बोलणं ऐकू येतं म्हणे, तुझं यंत्र म्हातारं झालं." तो म्हणायचा, "झालं असेल." गाणी मात्र जुनीच भरायचा, आणि ती आता अर्ध्या मिनिटानं आणखी लवकर तुटायची. पुढे फोन स्वस्त झाले, लोक थेट बोलायला लागले, पडद्यामागची खुर्ची रिकामी राहिली. दुकान त्यानं दोन हजार सात साली बंद केलं. दोन वर्षांनी तो गेला. माझ्याच हातच्या इस्त्रीचे झब्बे घालून लोक मयताला आले होते, आणि मला राहून राहून वाटत होतं की हा मेल्यावरसुद्धा कुणीतरी व्हायोलिन वाजवायला हवं होतं, निदान पंधरा मिनिटं.

पण मला तो आठवतो तो गुरुवारचा. उम्म वहीद दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर यायची, अगदी तिचे पाय सुजेपर्यंत. कॅसेट पहिल्यापासूनच लावायची, पुढे पळवायची नाही, असा तिचा हट्ट. श्वास, म्हैस, छत, दात, टाळ्या, सगळं. एरवी जिला धीर नव्हता ती बाई शेवट येईपर्यंत गप्प बसायची. वहीद म्हणायचा, आता तू बोल, मी ऐकतोय. टेप कट्ट करून थांबायची.

मग ती खुर्ची यंत्राच्या जवळ ओढायची आणि बोलायला लागायची. पारडी मोठी झाली, छत नीट करून घेतलं, शाकिरला मुलगी झाली. दसूकी तिच्यासमोर स्टुलावर बसून राहायचा, बटणांवर बोट ठेवून, जणू सगळं भरून घेतोय.